पहिल्या केमोच्या आधी : सोलापुरातील रुग्ण आणि घरच्यांसाठी तयारीचा क्रम

बायोप्सीचा अहवाल हाती पडल्यापासून पहिली केमो लागेपर्यंत बहुतेकांना एक ते तीन आठवडे मिळतात. रक्ताच्या काही कर्करोगांत एवढाही अवधी नसतो आणि उपचार दोन-चार दिवसांत सुरू करावे लागतात. पण स्तन, तोंड, गर्भाशयमुख, आतडे यांच्या गाठींत हे दिवस सहसा मिळतात आणि बऱ्याच घरांत ते वाया जातात. आमच्या घरात ते भेटायला येणाऱ्यांसाठी चहा टाकण्यात आणि तीच हकिगत फोनवर दहा जणांना सांगण्यात गेले. आईची अधूनमधून ठणकणारी एक किडलेली दाढ होती, ती दाखवायची राहिली. दुसऱ्या डोसनंतर रक्तातील, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना तीच दाढ सुजली आणि पाच दिवस रुग्णालयात काढावे लागले. आधी काढली असती तर अर्ध्या तासाचे काम होते. केमो सुरू झाल्यावरही बरेच काही करता येते, पण काही कामे आधीच व्हावी लागतात. हा लेख मुख्यतः त्या कामांचा आणि त्यांच्या क्रमाचा आहे. मी डॉक्टर नाही, दीड वर्ष आईची फाईल सांभाळलेला मुलगा आहे. औषधे आणि त्यांचे प्रमाण यांबाबत शेवटचा शब्द आपल्या ऑन्कॉलॉजिस्टचाच, म्हणजे कर्करोगतज्ज्ञाचाच मानावा.

फाईल आणि मेणाचा ठोकळा

सर्वांत आधी फाईल लावावी. बायोप्सीचा अहवाल, आयएचसी (गाठीचा प्रकार ठरवणारी विशेष तपासणी) केले असल्यास त्याचा अहवाल, सीटी किंवा पेट स्कॅनचा अहवाल आणि त्याची सीडी, रक्ताचे सर्व तपास आणि आधी शस्त्रक्रिया झाली असेल तर डिस्चार्ज कार्ड, असे सगळे तारखेनुसार लावून सर्वांत वर एक कोरा कागद ठेवावा. त्या कागदावर रुग्णाचे वय, वजन, रक्तगट, मधुमेह-रक्तदाब यांसारखे जुने आजार, रोज चालू असलेल्या गोळ्यांची नावे आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते मोठ्या अक्षरांत लिहावे. हा एक कागद पुढे फार उपयोगी पडतो, कारण रात्रपाळीच्या डॉक्टरांना दोनशे पाने चाळायला वेळ नसतो. प्रत्येक पानाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असावा.

अहवालाच्या कागदाइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे स्लाईड (तुकड्याचा पातळ काप लावलेली काचपट्टी) आणि ब्लॉक. गाठीचा काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात; प्लास्टिकच्या जाळीदार डबीवर बसवलेला, काडेपेटीहून लहान असा तो मेणाचा ठोकळा असतो. दुसरीकडे मत घ्यायचे असेल किंवा एखादी विशेष तपासणी करायची असेल तर कागद पुरत नाही, हा ठोकळाच मागतात. तो लॅबमधून लेखी अर्ज करून, सही करून घ्यावा लागतो. घेतल्यावर तो कापसात गुंडाळून कडक डबीत ठेवावा आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत अजिबात विसरू नये, कारण बंद गाडीतल्या उष्णतेने मेण मऊ पडू शकते.

उपचार कोठे घ्यायचे आणि डॉक्टरांना काय विचारायचे

सोलापूरकरांपुढे सहसा तीन वाटा असतात. शहरात सिद्धेश्वर कॅन्सर रुग्णालय आणि शासकीय सर्वोपचार रुग्णालय आहे, सत्तरेक किलोमीटरवर बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे आणि मुंबईला परळचे टाटा रुग्णालय, जे १९४१ पासून हेच काम करते. मुंबईचेच उपचार खरे, अशी आपल्याकडे एक ठाम समजूत आहे. दुर्मीळ कर्करोगात किंवा निदानाबद्दल शंका असताना तेथे जाणे योग्यच. परंतु नेहमीच्या कर्करोगांत केमोची औषधे आणि त्यांचा क्रम बहुतांशी ठरलेला असतो. अशा वेळी मोठ्या केंद्रातून उपचारांचा आराखडा लिहून आणून डोस घराजवळ घेता येतील का, हे तेथेच स्पष्ट विचारावे. माझे स्वतःचे मत असे की, दर एकवीस दिवसांनी साडेचारशे किलोमीटरचा प्रवास आणि ताप आला तर पुन्हा तोच प्रवास, हे गणित मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये. मुंबईला जायचेच झाले तर रेल्वेची सवलत घ्यावी. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत भाडे पूर्ण माफ असते, तर सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेला ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो.

डॉक्टरांच्या भेटीला जाताना प्रश्न वहीत लिहून न्यावेत, कारण खोलीत शिरल्यावर त्यातले निम्मे आठवत नाहीत. ही केमो कशासाठी आहे, हा पहिला प्रश्न. गाठ लहान करून मग शस्त्रक्रिया करायची आहे, की शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पेशी मारायच्या आहेत, की आजार आटोक्यात ठेवून त्रास कमी करायचा आहे, यावर घरच्यांनी कशाची आशा धरायची आणि कितपत सोसायचे हे अवलंबून असते. त्यानंतर औषधांची नावे, एकूण किती सायकल म्हणजे डोसच्या फेऱ्या, दोन सायकलींमध्ये किती दिवस, प्रत्येक वेळी किती तास लागतील आणि मधल्या काळात त्रास झाला तर कोणाला फोन करायचा, हे विचारावे. औषधांची नावे डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावीत. 'लाल औषध' किंवा 'तीन तासांची बाटली' एवढ्यावर पुढे काम भागत नाही.

येथे एक नाजूक गोष्ट येते. 'आईला सांगू नका, गाठ आहे एवढेच सांगितले आहे,' असे डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगणारे नातेवाईक पुष्कळ असतात आणि मीही त्यांतलाच एक होतो. पण केमोच्या संमतिपत्रावर सही रुग्णाची असते आणि कोठे जळजळते, कोठे मुंग्या येतात हे वेळेवर सांगायचेही त्यालाच असते. शिवाय डे-केअरच्या, म्हणजे केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या खोलीत शेजारच्या खुर्चीवरची बाई पहिल्या अर्ध्या तासात सगळे सांगून टाकते. तेव्हा घरच्यांनी आधी, घरातच, शांतपणे सांगितलेले बरे. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत वडीलधारी माणसे तेलुगू किंवा अक्कलकोटकडची कन्नड बोलतात. मराठीत बाजार करता येतो म्हणून मराठीत आजार समजतोच असे नाही, त्यामुळे डॉक्टरांचे बोलणे त्यांच्या भाषेत सांगणारा माणूस भेटीच्या वेळी सोबत असावा.

पैसे आणि योजना

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील केमो, किरणोपचार आणि शस्त्रक्रिया यांचा समावेश आहे. २०२३ मधील शासन निर्णयाने ही योजना राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी खुली झाली असून संरक्षणाची मर्यादा प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपये करण्यात आली आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस बसतो. शिधापत्रिका, रुग्णाचे आधार कार्ड आणि बायोप्सीचा अहवाल घेऊन पहिल्याच दिवशी त्याच्याकडे जावे, कारण मंजुरी उपचारांच्या आधी घ्यावी लागते. रोख भरून केमो घेतली आणि मग योजनेतून पैसे परत मागितले, असे करता येत नाही.

गाडी अडते ती नावांवर. सुनेचे नाव लग्नानंतर शिधापत्रिकेवर चढवलेलेच नसते, आधारवर आडनाव वेगळे असते, किंवा शिधापत्रिकेचा ऑनलाईन क्रमांक निघालेला नसतो. ही दुरुस्ती पुरवठा कार्यालयात होते आणि तिला दिवस लागतात, म्हणून निदान झाल्याच्या आठवड्यातच घरातल्या एका माणसाने फक्त हे काम अंगावर घ्यावे. टोल फ्री क्रमांक १५५३८८ वर योजनेची माहिती मिळते. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीकडे अर्ज करता येतो. त्यासाठी रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते.

शरीराची तयारी

केमोचा डोस उंची आणि वजन यांवरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठफळावर ठरतो, त्यामुळे वजन नीट मोजले गेले पाहिजे. सुरुवातीच्या तपासण्यांत रक्तातील पेशींची मोजणी म्हणजे सीबीसी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, साखर, तसेच हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही या चाचण्या असतात. हिपॅटायटिस बीची चाचणी कशाला, असा प्रश्न पडतो. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षे गप्प पडून असतो आणि केमोने प्रतिकारशक्ती खाली आली की उसळून यकृताला धोका करू शकतो. आधी कळले तर गोळ्या सुरू करून ते टाळता येते. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅबसारखी औषधे हृदयावर परिणाम करू शकतात, म्हणून ती देण्यापूर्वी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात.

दातांचे सांगून झाले आहे, फक्त दिवसांचा हिशेब ध्यानात ठेवावा : दाढ काढल्यानंतर जखम भरायला केमोपूर्वी दहा ते चौदा दिवस हाताशी असावेत. म्हणून निदान होताच दंतवैद्याकडे जावे आणि केमो ठरली आहे हे त्यांना सांगावे. मिश्री, गुटखा, तंबाखू त्याच दिवशी बंद करावी. सोलापुरात विडी वळणाऱ्या आणि मिश्री लावणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे. मिश्री हे व्यसन नसून दात घासणे आहे, अशी त्यांची समजूत असते, त्यामुळे 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला त्या मनापासून 'नाही' म्हणतात. मिश्रीबद्दल वेगळे विचारावे लागते.

रुग्ण तरुण असेल आणि पुढे मूल हवे असेल तर हा विषय डॉक्टरांनी काढण्याची वाट पाहू नये. काही औषधांनी वंध्यत्व येऊ शकते. पुरुषाचे शुक्राणू गोठवून ठेवण्याचे काम एक-दोन दिवसांत होते. स्त्रीची बीजे गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे येथेही पहिल्या डोसच्या आधीचेच दिवस कामाचे आहेत. अविवाहित मुलाच्या बाबतीत घरचे संकोचाने गप्प राहतात आणि संधी निघून जाते. केमोच्या काळात गर्भधारणा टाळणे आवश्यक असते, हेही याच भेटीत बोलून घ्यावे.

चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत आणि त्यांत कोणीतरी आणून दिलेले काढे, भस्मे आणि पुड्याही आल्या. त्यांतील काही यकृतावर ताण आणतात, काही केमोच्या औषधांच्या कामात अडथळा आणतात. वैद्यांवर श्रद्धा असली तरी केमो चालू असताना ऑन्कॉलॉजिस्टला न सांगता काहीही देऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा वेगळा उल्लेख करावा. मधुमेही रुग्णाच्या घरात साखर मोजण्याचे यंत्र असावे, कारण केमोबरोबर दिले जाणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड साखर झपाट्याने वाढवते. फ्लूची लस घ्यायची असल्यास शक्यतो दोन आठवडे आधी घ्यावी. जिवंत विषाणूंच्या लसी या काळात चालत नाहीत.

शीर की पोर्ट

केमोची औषधे शिरेतून जातात आणि काही औषधे शिरेबाहेर झिरपली तर कातडी जाळतात. सायकली जास्त असतील किंवा हाताच्या शिरा बारीक असतील तर डॉक्टर पोर्ट किंवा पिक लाईन सुचवतात. पोर्ट म्हणजे गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवलेली, रुपयाच्या नाण्याएवढी चकती. बाहेर काहीही लोंबत नाही आणि जखम भरल्यावर नेहमीसारखी अंघोळ करता येते. पिक लाईन म्हणजे शिरेत घातलेली बारीक नळी; ती दंडातून बाहेर येते, दर आठवड्याला तिची पट्टी बदलावी लागते आणि ती भिजू द्यायची नसते. करमाळा किंवा मंगळवेढ्याच्या खेड्यात राहणाऱ्या माणसाला दर आठवड्याला पट्टीसाठी येणे जमेल का, याचा विचार करून दोहोंतून निवड करावी. ज्या बाजूच्या काखेतील गाठी काढल्या असतील, त्या हाताला सहसा सुई लावत नाहीत; हे सिस्टरला आपणहून सांगावे.

घर

सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते. त्यामुळे घरोघरी पिंप, टाक्या आणि हंडे भरून ठेवलेले असतात. निरोगी माणसाला चालणारे तिसऱ्या-चौथ्या दिवशीचे पाणी केमोच्या रुग्णाला चालत नाही. त्याच्या पिण्याचे पाणी रोज खळखळ उकळून, गार करून, तोटी असलेल्या झाकणाच्या भांड्यात वेगळे ठेवावे. त्यात तांब्या किंवा हात बुडवू नये. जारचे गार पाणी स्वच्छ असतेच असे धरून चालू नये. पाणी येण्याचा दिवस आणि केमोचा दिवस एकच आला तर पाणी भरायला शेजारच्यांना आधी सांगून ठेवावे, ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण त्या दिवशी घरी कोणीच नसते.

केमोनंतर साधारण ४८ तास औषधाचा अंश लघवी, शौच आणि उलटी यांतून बाहेर पडतो. तेवढे दिवस रुग्णाने शक्यतो स्वतंत्र शौचालय वापरावे. ते नसेल तर झाकण लावून दोनदा पाणी सोडावे. उलटीचे भांडे किंवा खराब कपडे हाताळताना रबरी हातमोजे घालावेत, कपडे वेगळे धुवावेत आणि घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर हे काम तिच्याकडे देऊ नये. याचा अर्थ रुग्णाला वाळीत टाकणे असा मात्र नाही. कर्करोग शिवल्याने होत नाही, नातवंडांनी जवळ बसावे, एका ताटात जेवावे. फक्त सर्दी-खोकला झालेल्याने, मग तो कितीही जवळचा असो, बरे होईपर्यंत लांब राहावे.

जेवण ताजे, पूर्ण शिजलेले आणि प्रथिने असलेले हवे; वरण, अंडी, घरचे दही, शेंगदाणे. आपल्या शेंगाचटणीवर बंदी नाही, पण तोंड आले की तिखट सोसत नाही, तेव्हा तिखट न घातलेले शेंगांचे कूट वेगळे करून ठेवावे. कडक भाकरी तोंडातल्या फोडांना टोचते, ती आमटीत किंवा दुधात पूर्ण भिजवूनच द्यावी. कच्ची मोडे, कापून ठेवलेली फळे, रसवंतीतला बर्फ घातलेला रस, गाड्यावरचे पदार्थ या काळापुरते बंद. ऑक्झालिप्लॅटिन हे औषध असेल तर काही दिवस फ्रिजमधले पाणी घशात बोचते आणि गार वस्तूला हात लावला तरी झिणझिण्या येतात, त्यामुळे भर उन्हाळ्यातही साधेच पाणी प्यावे लागते. मऊ ब्रश आणून ठेवावा आणि कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

केस सगळ्याच औषधांनी जात नाहीत. ज्यांनी जातात, त्यांत ते सहसा दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात. आधी बारीक कापून घेतले तर उशीवर पुंजके पाहण्याचा त्रास कमी होतो.

पहिला दिवस

आदल्या एक-दोन दिवसांत सीबीसी करून त्याचा अहवाल सोबत न्यावा. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सहसा दीड हजाराच्या आणि प्लेटलेट एक लाखाच्या वर पाहतात. आकडे कमी असतील तर डोस आठवडाभर पुढे जातो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. डॉक्टरांनी रात्री घ्यायला सांगितलेल्या गोळ्या चुकवू नयेत. सकाळी हलके खाऊन निघावे, उपाशी जाऊ नये. बाही सहज वर जाईल असा सैल कपडा, एसीसाठी पातळ सोलापुरी चादर, उकळलेले पाणी, राजगिऱ्याचा लाडू, चार्जर आणि फाईल एवढे सामान पुरते.

आधी उलटीविरोधी आणि ॲलर्जीविरोधी इंजेक्शने देतात, मग मुख्य औषध सुरू होते. सुईच्या जागी जळजळ, आग किंवा सूज वाटली, छाती दाटली, अंगाला खाज सुटली तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारावी. आपल्या घरातल्या बायका 'सिस्टर कामात आहेत' म्हणून सोसत बसतात. सोबत्याने दर दहा मिनिटांनी विचारत राहावे. डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे.

पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन पुढच्या दिवसांसाठी घरी दिले जाऊ शकते. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात; बर्फाच्या कप्प्यात गोठले की ते टाकून द्यावे लागते. बेचाळीस अंशांत एसटीने नेताना ते थर्मासमध्ये ठेवावे आणि बर्फाच्या पिशवीला थेट लागणार नाही असे कापडात गुंडाळावे.

ताप

साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. या दिवसांत १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला तर ती तातडीची स्थिती समजावी. सकाळपर्यंत थांबू नये, क्रोसिन देऊन उतरतो का पाहू नये, गल्लीतल्या डॉक्टरांकडे इंजेक्शन घेऊ नये; रुग्णालयात पोहोचून रक्त तपासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवे. थंडी वाजून अंग थरथरत असेल तर थर्मामीटर काही दाखवो वा न दाखवो, निघावे. बोलून ठेवलेली गाडी न आल्यास १०८ ला फोन करावा.

या एका रात्रीची तयारी पहिल्या डोसच्या आधी करावी. डिजिटल थर्मामीटर दोन असावेत. आमच्याकडे एकच होता आणि ज्या रात्री लागला त्या रात्री त्याचा सेल संपलेला निघाला. अंगाला हात लावून 'कणकण आहे' एवढेच आम्हाला सांगता येत होते. रुग्णालयाचा रात्रीचा क्रमांक दाराच्या मागे चिकटवावा, आणि एखाद्या दुपारी जाऊन रात्री कोणते दार उघडे असते, कॅज्युअल्टी म्हणजे तातडीचा विभाग कोठे आहे, हे पाहून यावे. गावाकडे राहणाऱ्यांनी चोवीस तास चालू असलेले जवळचे रुग्णालय कोणते, ते ऑन्कॉलॉजिस्टला विचारून ठरवून ठेवावे. तेथे पोहोचल्यावर पहिले वाक्य 'ताप आला आहे' असे न म्हणता 'केमो चालू आहे, अमुक तारखेला डोस झाला, आता ताप आला आहे' असे म्हणावे आणि फाईलमधला तो वरचा कागद पुढे करावा.

उलटी थांबतच नसेल, पाणीही पोटात ठरत नसेल, दिवसात चार-पाचहून अधिक जुलाब होत असतील, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जात असेल, धाप लागत असेल तरीही असेच निघावे. बाकीचे त्रास, म्हणजे किती दिवस मळमळले, कधी तोंड आले, कोणत्या गोळीने बरे वाटले, हे रोज दोन ओळींत वहीत लिहीत जावे. दुसऱ्या डोसच्या आधी डॉक्टर औषधांत बदल करतात तो या नोंदींवरून, आणि एकवीस दिवसांपूर्वीचे रुग्णाला स्वतःला नीट आठवत नाही.